जगलेल्या मुलांचे पुढे काय?

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वैद्यकशास्त्राने ती केव्हाच खोटी ठरविली. मूल आईच्या उदरात जितके आठवडे अधिक राहील तितके त्याचे बळ वाढते, हाच खरा नियम होय. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली कित्येक बालके आज नागपुरातील मेडिकल, मेयो आणि डागा रुग्णालयांतून सुखरूप घरी जातात. ही गोष्ट निःसंशय समाधानाची आहे. परंतु घरी गेलेल्या या बालकांचे पाच-सात वर्षांनी काय होते, याची विचारपूस क्वचितच होते.

प्रश्न मुख्यतः मेंदूचा आहे. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या मेंदूचे जे वजन असते, त्यापैकी सुमारे एक तृतीयांश ३४व्या आठवड्यानंतर भरते. मज्जातंतूंची जुळणीही याच काळात वेगाने होत असते. अकाली जन्मलेल्या मुलाला हे काम उदरातील शांततेऐवजी दिव्यांच्या प्रकाशात, यंत्रांच्या आवाजात आणि सुयांच्या वेदनेत पुरे करावे लागते. बहुतेक मुले ते पुरे करतातही. काहींच्या बाबतीत मात्र थोडी उणीव राहून जाते.

या उणिवेचा माग काढण्याचे चिकाटीचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७पासून, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बालकांची नोंद करून, त्यांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. यात अकाली जन्मलेली मुले होती, तशीच दिवस भरूनही अशक्त राहिलेली होती. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ९० आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांचा ९७ होता. अकाली जन्मलेली आणि त्यातही दिवसांच्या मानाने कमी वजनाची मुले सर्वांत मागे होती. डोळा आणि हात यांचा मेळ व गणित यांत अडचणी दिसून आल्या.

सात गुणांचा हा फरक समूहाच्या सरासरीचा आहे. एकेका मुलाचे भवितव्य त्यावरून ठरत नाही. पण तो अल्प आहे म्हणूनच नजरेतून सुटतो. असे मूल चालते, बोलते, खेळते. फक्त फळ्यावरचे वहीत उतरविताना मागे पडते आणि हातच्याच्या वजाबाकीत गोंधळते. मग त्याला ‘आळशी’ वा ‘ढ’ ही पदवी मिळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. पण जी अडचण कोणी ओळखलीच नाही, तिला कायद्याचा उपयोग कसा व्हावा?

नागपूरला हा विषय परका नाही. पहिलटकरणींना रोज अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती कमी होतात, हे सहा देशांतील ज्या प्रयोगाने २०२० साली दाखवून दिले, त्यात येथील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन सहभागी होते. हे प्रमाण तेथे ११ टक्क्यांनी घटले. जन्मापूर्वीच्या काळजीत ज्या शहराने वाटा उचलला, त्याने जन्मानंतरच्या काळजीतही मागे का राहावे?

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांतून व सरकारी आणि अनुदानित शाळांतून होते, आणि अध्ययनातील अडचणीही तीत मोडतात. उणीव आहे ती दुव्याची. शाळेच्या प्रवेशपत्रिकेत जन्मतारीख विचारली जाते. मूल कितव्या आठवड्यात जन्मले आणि त्याचे वजन किती होते, हे विचारले जात नाही. रुग्णालयाच्या कागदावरील हे दोन आकडे पालकांच्या संमतीने अंगणवाडीमार्फत वर्गशिक्षकापर्यंत पोहोचावेत. ते मुलाला मागे बसविण्याचे निमित्त मात्र होता कामा नये. अडखळणाऱ्या मुलाची वेळेवर तपासणी व्हावी, लिहायला थोडा अधिक वेळ मिळावा, एवढ्यासाठीच त्यांचा उपयोग आहे.

दीड किलोच्या जिवासाठी डॉक्टर आणि परिचारिका रात्रीचा दिवस करतात. पहिलीच्या वर्गात त्याच जिवाला ‘ढ’ ठरविण्यापूर्वी त्याच्या जन्माची चौकशी करणे, एवढे तरी शाळेने करावयास हवे.