तारीख वाचायची कशी?

मंडळी, आपण आज राजारामपुरीत बसलो आहोत. इथं पत्ता सांगताना ‘सातवी गल्ली’ म्हटलं की पुरतं. पण पहिली गल्ली कोणत्या टोकाला, हे ठाऊक नसलेल्या पाहुण्याला त्या ‘सात’चा काय उपयोग? तारखेचंही तसंच आहे. आकडे दिसतात, ते वाचायचा नियम दिसत नाही.

०६/०५/१९२२ हे पाहून कोल्हापूरकर म्हणेल, ६ मे, राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. अमेरिकेत वाढलेला नातू म्हणेल, ५ जून. संगणकापुढं मात्र ती नुसती अक्षरांची माळ असते. तिच्यातून दिवस, महिना, वर्ष वेगळे काढणं म्हणजे पार्सिंग. आणि काढलेली तारीख पुन्हा हव्या त्या रूपात मांडणं म्हणजे फॉरमॅटिंग. पायथन भाषेत पहिल्या कामाला ‘एसटीआर-पी-टाइम’ आहे, दुसऱ्याला ‘एसटीआर-एफ-टाइम’. पी पार्सचा, एफ फॉरमॅटचा. साचा आपण द्यायचा: टक्क्याच्या चिन्हापुढं लहान डी म्हणजे दिवस, लहान एम म्हणजे महिना, मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष.

साचा उलटा दिला तर? महाराजांचा जन्म २६/०६/१८७४. सव्विसावा महिना नसतोच. प्रोग्राम तिथंच अडतो आणि चूक कळते. ०६/०५/१९२२ मात्र गुपचूप ५ जून होऊन बसते. अडणारी चूक परवडली, न बोलणारी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची जन्मतारीख एका कार्यालयात अशीच उलटली. आपण कधी जन्मलो हे सिद्ध करायला ऐंशीच्या घरातल्या बाईनं चार महिने हेलपाटे घातले.

आता साचा बरोबर आहे असं धरा. शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. पायथनला वार विचारा, तो बुधवार सांगेल. प्रत्यक्षात त्या दिवशी शनिवार होता. कारण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन तेच कॅलेंडर मानत होता; इंग्लंडनं ते १७५२ मध्ये सोडलं. पायथन मात्र आजचं ग्रेगोरियन कॅलेंडरच मागं मागं ताणत नेतो. त्यात तो दिवस १६ जून येतो, आणि मग वारही शनिवारच निघतो. म्हणजे आकडे बरोबर, साचा बरोबर, तरी उत्तर चूक. कारण कॅलेंडर कुणी विचारलंच नाही.

मग करायचं काय? साठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: १९२२-०५-०६. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. माणसाला दाखवताना महिना अक्षरात लिहा: ६ मे १९२२. आणि दुसऱ्याकडून तारीख घेताना आधी नियम विचारा. तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर हेच शिकवलं: चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, तो वापरणाऱ्यांच्या करारात असतो. प्रोग्राम लिहिताना तो करार आपल्याला लिहून द्यावा लागतो, एवढंच.