जखम भरल्यानंतरचे दुखणे

अपघातात डोक्याला मार लागलेला मनुष्य शुद्धीवर येतो, टाके निघतात, आणि एक दिवस तो आपल्या पायांनी घरचा उंबरठा चढतो. घरची मंडळी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, देवापुढे साखर ठेवतात, संकट टळले असे म्हणतात. ते टळलेले असते, यात संशय नाही. पण महिना-दोन महिने गेले की घरात कुजबूज सुरू होते. ‘पूर्वी असा नव्हता हो! जरा बोलले की अंगावर येतो. सांगितलेले विसरतो. दुपारभर लोळत पडतो.’ शेजारीही आपले निदान सांगून जातात : आजारपणात लाडावला! आजचे आमचे सारे विवेचन या निदानाविरुद्ध आहे.

मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम. पदार्थ मात्र खरवसासारखा मऊ, आणि तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. धावती मोटारसायकल अडखळून डोके दगडावर आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो पुढे आदळतो, उलटून मागे आदळतो, आणि त्या हिसक्यात त्यातील बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. वरून कवटी शाबूत असली तरी हे सारे घडू शकते. पुष्कळदा ही तंतूंची इजा साध्या स्कॅनच्या चित्रातही दिसत नाही. मग मेंदूला सूज येते आणि हाडाच्या बंद पेटीत तिला पसरावयास जागा नसते. पहिल्या दिवसांतील डॉक्टरांची झुंज असते ती या सुजेशी आणि साकळलेल्या रक्ताशी.

सूज उतरली की काही शक्ती भराभर परत येतात. मेलेल्या पेशींच्या जागी मात्र बहुतांशी नव्या पेशी येत नाहीत. मग सुधारणा होते कशी? उरलेल्या पेशी आपसांत नवे दुवे जोडतात. पूल वाहून गेला म्हणजे गावकरी जसे ओढ्यातून वाट पाडतात, तसाच हा प्रकार. वाट पडते ती रोज त्याच जागेवरून पाय पडल्याने, एकदा गेल्याने नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत वेग अधिक असतो, पुढे तो मंदावतो. तथापि सुधारणा पुढे वर्षानुवर्षे होत राहू शकते.

या विषयात फिनिअस गेजचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावापाशी रेल्वेच्या कामावर तो मुकादम होता, वय २५. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना ठिणगी पडली आणि ३ फूट ७ इंच लांबीची, सव्वातेरा पौंडांची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. गडी बैलगाडीत बसून मुक्कामावर आला! डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याला वाचवले आणि दहा-अकरा आठवड्यांत तो आपल्या घरी परतला. डावा डोळा गेला होता. पण कामावरच्या वरिष्ठांनी त्याला जुनी जागा दिली नाही, कारण हा मुकादम आता लहरी, शिवराळ आणि हट्टी झाला होता. बेत करी आणि सोडून देई. कपाळामागचा मेंदू विचारांना लगाम घालतो, कामाला आरंभ करवतो. तोच दुखावला म्हणजे आळस आणि राग हे दोष स्वभावाचे राहत नाहीत, ते जखमेचेच असतात. आणखी वाईट असे की, आपल्यात बदल झाला आहे हे रोग्याला स्वतःला पुष्कळदा उमगतच नाही.

पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. गेज थांबला नाही. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि सुमारे सात वर्षे त्याने घोड्यांची टपालगाडी हाकली. हे काम वेंधळ्याचे नव्हे. घोड्यांची निगा, जुंपणी, उतारू आणि सामान, परक्या भाषेतला व्यवहार, सहा घोड्यांचे लगाम, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच क्रमाने. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद धुंडाळून असे मत मांडले की, या ठरीव दिनक्रमानेच गेज पुष्कळसा सावरला असावा. आम्हांला हे मत पटते. दिवसाला आकार देणे ज्या मेंदूला जमत नव्हते, त्याला तो आकार बाहेरून, त्या गाडीच्या वेळापत्रकाने दिला.

हेच काम घराला करता येते. उठणे, स्नान, जेवण, फिरणे यांच्या वेळा ठरवाव्यात आणि त्या भिंतीवर लिहून लावाव्यात. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. खिशात वही असावी. विसरलास म्हणून टोचू नये, वही पुढे करावी. मुलांचा गलका, दूरदर्शन आणि चार पाहुणे एकदम आले तर त्याचे डोके शिणते व राग उसळतो, तेव्हा पाहुण्यांनाच आवरावे. दुपारची झोप ही दुरुस्तीतला भाग आहे. दारू वर्ज्य. आणि पुन्हा दुचाकीवर बसण्याची घाई नको. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही शिरस्त्राणाशिवाय नको, कारण भरत आलेल्या मेंदूला दुसरा मार फार महाग पडतो.

घरची सून किंवा आई हे सारे एकटीने उचलते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी रोग्याजवळ दुसऱ्या कोणी बसावे.

जखमेनंतर वर्षांनीही झटके सुरू होऊ शकतात. गेजला ते १८६० साली आले आणि त्यातच २१ मे रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा अंत झाला. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. आज आहे, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करावयाचे नसते. गेजचे एक छायाचित्र २००९ साली ओळखले गेले. त्यात डाव्या डोळ्याची पापणी मिटलेली, अंगात नीटनेटका कोट, आणि हातात तीच पहार.