शरीर आणि रियाज (लेखांक ६) : वळण खुब्यातून, गुडघ्यातून नव्हे

घोट्यावरचा मागचा लेख वाचून सिडकोतल्या एका आईने पत्र पाठवले आहे. त्यांची अकरा वर्षांची मुलगी ‘ये बॅले’ हा चित्रपट पाहिल्यापासून बॅलेच्या नादाला लागली आहे. शिकवायला कोणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि हॉलमध्ये सराव करायचा. टाचेला टाच लावून दोन्ही पावले एका सरळ रेषेत उलट दिशांना वळवायची, हा तिचा ध्यास. आता उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला आहे. बॅले बंद करू का, असे त्या विचारतात.

बॅले बंद करू नका. ते तसे उभे राहणे मात्र आजच थांबवा.

सूनी तारापोरवाला यांच्या २०२० सालच्या त्या चित्रपटामागे मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईच्या दोन मुलांची खरी कहाणी आहे. येहुदा माओर या परदेशातून आलेल्या शिक्षकांनी त्यांना घडवले आणि २०१७ मध्ये अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला. पाहणाऱ्या मुलांच्या मनात त्यांची उडी राहते. त्या उडीआधी रोज आधाराचा दांडा (बार) धरून केलेले प्लिए (गुडघे बाहेर उघडत वाकणे), आणि गुडघा जरा आत गेला की तिथल्या तिथे टोकणारा गुरू, हे मोबाइलच्या व्हिडिओतून मिळत नाही.

पाय बाहेर वळवणे ही काही बॅलेचीच मक्तेदारी नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) १९९६ पासून पार्वती दत्ता यांच्या महागामी गुरुकुलात ओडिसी आणि कथक शिकवले जाते. ओडिसीचा चौक आणि भरतनाट्यमची अरमंडी शरीराकडून तेच मागतात : मांड्या बाहेर वळवा, गुडघे बाहेर उघडा. विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात सहा वादक स्त्रियांच्या मध्ये नाचणारी स्त्री कोरलेली आहे. शैली कोणतीही असो, सांधे तेच आणि त्यांच्या मर्यादाही त्याच.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत बसतो. तिथे पाय पुढे-मागे, बाजूला आणि स्वतःभोवतीही फिरू शकतो. गुडघा मुख्यतः दुमडण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी आहे. तो सरळ असताना त्यात फिरण्याला जवळजवळ वावच नसतो. म्हणून वळण आधी खुब्यातून यायला हवे. ते किती येईल, हे उखळीची दिशा आणि मांडीच्या हाडाचा पीळ ठरवतात, आणि हाडांची ही ठेवण ज्याची त्याची वेगळी. दोन्ही पायांचे मिळून पूर्ण १८० अंश व्यावसायिक नर्तकांतही फार थोड्यांना लाभतात. एखाद्या मुलीला ते जमले नाही तर ती कमी मेहनती ठरत नाही.

पण मुले पळवाट शोधतात. गुडघे वाकवून पावले हवी तेवढी बाहेर ठेवायची, जमिनीला घट्ट रोवायची आणि मग गुडघे सरळ करायचे. पाऊल घर्षणाने जागच्या जागी अडकते, मांडी आपल्या मूळ दिशेला परतू पाहते आणि मधला गुडघा पिळला जातो. सोबत तळपायाची कमान आतल्या बाजूला कोसळते आणि कंबर पुढे झुकते. आतल्या बाजूचे अस्थिबंध रोज असे ताणले गेले तर गुडघा दुखणारच.

घरी तपासायचे असेल तर मुलीला पोटावर झोपवा. एक गुडघा काटकोनात दुमडा आणि नडगी दुसऱ्या पायाच्या दिशेने सावकाश झुकू द्या. कंबर उचलली जाऊ लागली की थांबा. खुबा बाहेरच्या बाजूला किती वळतो, ते दिसेल. दुसऱ्या पायाचेही पाहा. दोन्ही बाजू सारख्या नसतात. मग तिला भिंतीला धरून, पावले समांतर ठेवून उभी करा. गुडघे सरळ, वजन टाचांवर. आता ढुंगणाच्या खालचे स्नायू आवळून दोन्ही मांड्या वळवायच्या, पावलांनी फक्त मागोमाग यायचे, आणि चवडे टेकवायचे. जिथे टेकतील ती तिची आजची जागा. तिथून प्लिए घेताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत घसरला तर पावले थोडी मिटवून घ्या.

हाडांची ठेवण बदलत नाही, पण आहे ते वळण टिकवणारी ताकद वाढते. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा एकमेकींना चिकटवून वरचा गुडघा हळूहळू उघडायचा आणि मिटायचा. कंबर मागे लोळू द्यायची नाही. दिसायला किरकोळ, पण खुब्याच्या खोलवरच्या स्नायूंना नेमके काम देणारा हा व्यायाम आहे. बेडकासारखे पाय पसरून झोपायला लावून पाठीवर कोणी दाब देण्याची पद्धत मला धोक्याची वाटते आणि ती बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अकरा-बारा वर्षांच्या वयात आणखी एक गोष्ट घडते. हाडे झपाट्याने वाढतात, स्नायू मागे राहतात आणि कालपर्यंत लवचीक असलेली मुलगी अचानक ताठर वाटू लागते. अशा वेळी ताण वाढवायचा नसतो. उड्या कमी करून ताकद आणि तोल यांवर भर द्यावा. पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचण्याचे बूट) तर शिक्षकाशिवाय मागवूच नयेत. साधारण बारा वर्षांच्या आधी नाहीच, आणि त्यानंतरही काही वर्षांचे पद्धतशीर शिक्षण आणि घोट्याची ताकद असेल तरच.

घरातली फरशीही पाहा. सिमेंटवर बसवलेली फरशी उडीचा धक्का मुळीच पचवत नाही. तो नडगी आणि गुडघ्याकडे परत येतो. उड्यांचा सराव लवचीक लाकडी जमिनीवरच व्हावा.

भरताच्या नाट्यशास्त्रात व्यायामाआधी अंगाला तेल लावण्याचा, पौष्टिक आहाराचा आणि फार दमलेल्या, भुकेल्या किंवा तहानलेल्या माणसाला व्यायाम न देण्याचा उल्लेख आहे. सडपातळ राहण्यासाठी जेवण तोडणाऱ्या मुलींच्या घरी हे वाचून दाखवावेसे वाटते. कमी खाऊन जास्त नाचले की हाडे कमकुवत होतात, पाळी अनियमित होते. पाळी तीन महिने थांबली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना एवढेच सांगणे : गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा विश्रांतीनंतरही दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. तसे काही नसेल तर दुखणे थांबेपर्यंत सराव थांबवा आणि मग तिला एखाद्या गुरूसमोर उभी करा. बॅलेचा वर्ग जवळ मिळाला नाही तरी चालेल. चौक नीट शिकलेली मुलगी उद्या बॅले शिकायला बसली, तर तिच्या गुडघ्याला शिस्त लागलेली असेल. पुढच्या आठवड्यात पाठीच्या कण्याबद्दल लिहीन.