अठरावं सरलं की कायदा बदलतो

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला निवासी संस्थेत ठेवायचं ठरलं की आई-वडील जेवण बघतात, संडास-बाथरूम बघतात, तिथल्या ताई-दादांचा स्वभाव जोखतात. ऑफिसच्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र मात्र क्वचितच कोणी वाचतं. खरं तर ते दर्शनी जागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

गैरसमज : ट्रस्ट रजिस्टर्ड आहे ना, मग झालं!
धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची असते. दिव्यांगांची निवासी संस्था चालवायला ती पुरत नाही. त्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खालचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली अठराच्या आतली मुलं ठेवायची, तर बाल न्याय अधिनियम, 2015 खालचीही नोंदणी हवी. आणि गोम इथेच आहे. बाल न्याय कायद्यात विनानोंदणी संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. प्रौढांच्या संस्थेला मात्र 2016 चा कायदा लागतो आणि त्यात पहिल्या उल्लंघनाला दंड आहे जास्तीत जास्त दहा हजार. आपल्यावर काय बेतलं हे ज्याला सतराव्या वर्षी सांगता येत नव्हतं, त्याला अठराव्या वाढदिवशी वाचा फुटते की काय? मला हा हिशेब पटत नाही.

गैरसमज : बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजारच.
नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे.

गैरसमज : आम्ही जन्मदाते, सही कायम आमचीच.
अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे सदस्य असतात. पालक नेमला म्हणून त्या व्यक्तीचं मत मात्र संपत नाही. चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका प्रौढ तरुणीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं.

गैरसमज : तक्रार केली तर मुलं रस्त्यावर येतील.
या धास्तीने पालक गप्प बसतात. पण नोंदणी रद्द करण्याआधी संस्थेचं म्हणणं ऐकावंच लागतं. रद्द झालीच, तर तिथल्या दिव्यांगांना घरच्यांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवण्याचा आदेश देता येतो.

पुढच्या भेटीला जाल तेव्हा डबा देऊन लगेच निघू नका. भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यावरची मुदत वाचा.