इंजिन टकटकतंय? आधी ऐका, मग उघडा

रात्रभर थंडीत उभी असलेली पंचवीस-तीस वर्षांची टू-सीटर. सकाळी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि बॉनेटखालून शिलाई मशीन चालावं तसं 'टक-टक-टक-टक'. मिनिटभरात आवाज बंद होतो, पण मालकाच्या पोटात आलेला गोळा काही जात नाही. इंजिन उघडावं लागणार का? खर्च किती येणार? की गाडीच विकून मोकळं व्हावं?

जरा दमानं घ्या. गॅरेजला फोन लावण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. आवाज नेमका कधी येतो? किती वेळ टिकतो? आणि इंजिन तापल्यावर कमी होतो की वाढतो? काम साध्या ऑइल बदलण्यावर भागणार की इंजिन खाली उतरवावं लागणार, हे बरंचसं या तीन उत्तरांवरून कळतं.

मियाटाची प्रसिद्ध टकटक

माझदा एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली मियाटा, हे याचं उत्तम उदाहरण. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी जगासमोर आली आणि २०१६ मध्ये तिचं उत्पादन दहा लाखांवर पोहोचलं. अमेरिका-इंग्लंडच्या सेकंड हँड बाजारात परवडणारी स्पोर्ट्स कार म्हटलं की हिचं नाव हमखास निघतं. त्यामुळे तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या पोरापोरींच्या विशलिस्टमध्येही ती सहज शिरते.

पहिल्या पिढीच्या मियाटाच्या इंजिनात १६ व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाला एक हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट आपोआप भरून काढणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्या आत इंजिन ऑइल भरलेलं असतं. गाडी बरेच तास उभी राहिली की काही अ‍ॅडजस्टरमधलं ऑइल हळूहळू बाहेर पडतं. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ऑइल परत पोहोचेपर्यंत ती फट उघडीच राहते आणि धातूवर धातू आपटतो. तीच ही टकटक. आपल्याकडचे मेकॅनिक एका वाक्यात निकाल देतात, 'टॅपेट वाजतायत.'

थोड्या वेळात आवाज गेला तर यात इंजिनाला धोका नसतो. ऑइलची पातळी बघा. ऑइल जुनं असेल तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं टाका. फिल्टरही चांगला घ्या. इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून बहुतेक फिल्टरमध्ये एक रबरी व्हॉल्व्ह असतो. तो हलक्या दर्जाचा निघाला, तर रोज सकाळी इंजिन काही क्षण ऑइलविना फिरतं. अशा वेळी दोष इंजिनात शोधला जातो आणि तो निघतो फिल्टरमध्ये.

तापल्यावर काय होतं?

तीनपैकी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टॅपेटचा आवाज हलका आणि टोकदार असतो, इंजिनाच्या वरच्या भागातून येतो आणि गाडी तापली की कमी होतो. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजली असेल तर आवाज जड येतो, 'ठक-ठक', आणि तोही खालून. गरम झालेलं ऑइल पातळ होतं, त्यामुळे हा आवाज तापल्यावर वाढतो. रेस दिली की आणखी स्पष्ट ऐकू येतो. असा आवाज आला तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या. 'गॅरेजपर्यंत तर जाईल' म्हणत चालवली, तर क्रँकशाफ्टही हातचा जाऊ शकतो.

टायमिंग चेन असलेल्या इंजिनात आणखी एक आवाज येतो. सुरू होताना एक-दोन सेकंद 'खडखड' आणि मग शांतता. चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे एवढं चालतं. पण खडखड दिवसेंदिवस लांबत गेली, तर टेन्शनर किंवा गाइड झिजल्याची ती खूण. हे काम पुढे ढकलू नका. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.

इंजिनाचाच आवाज आहे का?

बऱ्याचदा नसतो! सुरू झाल्याझाल्या 'चीं' असा आवाज आला तर आधी बेल्टकडे बघा. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेली वीज अल्टरनेटर तेव्हा भरून काढत असतो, त्यामुळे बेल्टवर ताण येतो आणि तो घसरतो. लांबून बेल्टवर थोडं पाणी उडवा. आवाज बदलला, तर चोर सापडला. इंजिन सुरू झाल्यावरही 'किर्रर्र' होत राहिलं, तर स्टार्टरचं पिनियन वेळेवर मागे येत नसावं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट लीक असेल तर हुबेहूब टॅपेटसारखी टकटक येते. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. फसवाफसवी इथेच होते. जोडावर काळी काजळी दिसली, तर अ‍ॅडजस्टर बदलण्याचा खर्च वाचला समजा.

आवाजाची जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाजवळ, हा जुना उपायही चालतो. पण ओढणी, मोकळे केस, गळ्यातली चेन फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शांत इंजिनही ठीक असेलच असं नाही

पोर्शची ९८६ मालिकेची बॉक्स्टर आणि ९९६ मालिकेची ९११ (टर्बो आणि जीटी३ सोडून) यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टची बेअरिंग हा कच्चा दुवा मानला जातो. ती तुटली तर अख्खं इंजिन जाऊ शकतं, आणि आधी आवाज येईलच याची खात्री नाही. म्हणून या गाड्यांचे जाणकार ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्यात धातूचे चमकणारे कण आहेत का ते बघतात. कानावर विश्वास ठेवा, पण फक्त कानावर नको.

घेण्याआधी एवढं कराच

जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, कारण तापलेलं इंजिन अर्धी लक्षणं लपवतं. गार इंजिन सुरू करताना फोनवर रेकॉर्डिंग करा. ऑइलचा दिवा किती सेकंदांत विझतो ते बघा. मग वीस मिनिटं गाडी चालवून पुन्हा ऐका. दोन्ही रेकॉर्डिंग तुमच्या भरवशाच्या मेकॅनिकला ऐकवा आणि मगच किमतीचं बोला. मालक थंड इंजिन दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी टोकन देऊ नका.