शिदोरीचं गणित : तीन दिवस, २३० रुपये

ट्रेक ठरला की आपल्याकडे पहिली चर्चा होते शूजची, दुसरी सॅकची आणि तिसरी फोटो कोण काढणार याची. खायचं काय, हा प्रश्न निघतो आदल्या रात्री. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं : 'मॅगी घेऊ, ब्रेड-जॅम घेऊ, बाकी बघू यार!' आणि मग ते 'बाकी' मॉलमधून येतं. चॉकलेटं, प्रोटीन बार, गरम करून खायच्या राजमा-पनीरच्या पिशव्या. एकूण बिल भागिले पाच, की झाली प्रत्येकाची वर्गणी.

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जणांनी रतनगड ते हरिश्चंद्रगड हा तीन दिवसांचा ट्रेक ठरवला. रतनवाडीतून चढायचं, कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे जायचं आणि पाचनईला उतरायचं. नुसत्या खाण्याची वर्गणी निघाली माणशी ९०० रुपये. प्रवास वेगळा. दुसऱ्याच दिवशी आमच्यातला एक जण म्हणाला, "माझं सबमिशन राहिलंय, तुम्ही जाऊन या." सबमिशन सगळ्यांचंच झालेलं होतं! तो माझ्याच भागातला, घरची शेती सोयाबीनची. त्या साली सोयाबीनला काय भाव मिळाला हे मला वेगळं विचारायची गरज नव्हती. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. खाण्याचा हिशेब २३० रुपयांवर आला आणि आम्ही पाचही जण गेलो. तो हिशेब कसा केला, तेच या लेखात सांगणार आहे. इंजिनिअरिंगला आहोत, तर निदान भागाकार तरी कामाला येऊ द्या!

पाण्याचे पैसे देऊ नका, पाणी वाहू नका

अन्नातली ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, 'उष्मांक' हा शब्द मला इथल्या मराठी मंडळात कळला.) एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनं साधारण ४ किलोकॅलरी देतात, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. आणि पाणी? शून्य. म्हणजे पदार्थात जितकं पाणी जास्त, तितकं वजन फुकटचं.

गरम करून खायच्या तयार भाजीच्या पिशवीचंच घ्या. वजन सुमारे ३०० ग्रॅम, ऊर्जा साधारण ३५० किलोकॅलरी. म्हणजे ग्रॅमला १.२ सुद्धा नाही. शेंगदाणे ग्रॅमला ५.६ देतात. सॅक घेऊन दिवसभर चालायला मी माणशी ३००० किलोकॅलरी धरल्या, तीन दिवसांच्या ९०००. हे सगळं त्या पिशव्यांतून घ्यायचं तर पाठीवर साडेसात किलो. कोरड्या शिध्यातून घ्यायचं तर दोन किलोच्या आसपास. कात्राबाईचा चढ चढताना हा फरक गुडघे सांगतात.

परदेशात ट्रेकर लोक 'फ्रीझ-ड्राय' केलेलं जेवण नेतात. शिजवलेलं अन्न गोठवायचं आणि निर्वात पोकळीत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करायची. अन्न हलकं होतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण यंत्र महाग, वीज महाग, म्हणून पाकीटही महाग. आपल्याकडे हेच काम पोहे करतात. भात भिजवून, भाजून, चपटा केला की त्यातलं पिष्ट आधीच शिजलेलं असतं. पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, खा. मुरमुरे, फुटाणे, सातूचं पीठ हेही त्याच घराण्यातले. यासाठी मॉल लागत नाही. आमच्या हिवरा आश्रमात किराणा दुकानदार काका हे सगळं पोत्यातून मोजून देतात.

एका रुपयात किती?

आता दुसरा भागाकार. शंभर ग्रॅममधली ऊर्जा पाकिटाच्या मागे छापलेली असते. तिला किमतीने भागा. आम्ही खरेदी केली तेव्हाच्या भावांनी आलेलं उत्तर असं :

गूळ : रुपयाला सुमारे ६३ किलोकॅलरी
पोहे : ५८
शेंगदाणे : ४०
फुटाणे : ३०
इन्स्टंट नूडल्स : २०
बदाम : ७
प्रोटीन बार : ४
गरम करून खायची तयार भाजी : ३

भाव गावागणिक बदलतील, पण क्रम सहसा बदलत नाही. बदाम वाईट नाहीत, पण ऊर्जेच्या बाबतीत शेंगदाणे त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि भाव पाचपट कमी!

दुकानात शिरल्यावर

स्वस्त विकणारी मोठी दुकानं काही जादू करत नाहीत. मुंबईत 'अपना बाजार'ने सहकारी तत्त्वावर हे काम १९४८ पासून केलं, आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. ठोक माल उचलायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, सजावटीवर खर्च करायचा नाही आणि वाचलेलं थोडं गिऱ्हाइकाला द्यायचं. पण तिथे शिरलेला माणूस पोहे घ्यायला जातो आणि बादली घेऊन बाहेर येतो! म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक : यादी लिहून न्या, आणि पोट भरल्यावर जा.

दोन : 'ऑफर' वाचू नका, दर वाचा. आता पाकिटावर एमआरपीसोबत ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, पण खरी बातमी तिथेच असते. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही.

तीन : छोट्या पुड्यांना हसू नका. कॉफी, दूध पावडर, सॉस यांच्या एकेक वेळच्या पुड्या ट्रेकला फार सोयीच्या. बाटली वाहायला नको, सांडायला नको. दर मात्र इथेही तपासा.

चार : तारीख जवळ आलेला माल सवलतीत मिळतो. तिथे 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' यांत फरक करा. पहिली तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची आहे, दुसरी सुरक्षिततेची. पुढच्या आठवड्यात 'बेस्ट बिफोर' संपणारी बिस्किटं परवाच्या ट्रेकला खुशाल न्या. एक्सपायरी उलटलेलं काहीच नेऊ नका.

आणि सगळंच मोठ्या दुकानातून घ्यायची गरज नाही. गूळ, फुटाणे, मुरमुरे आठवडी बाजारात सुटे मिळतात, आणि हवे तेवढेच घेता येतात. सुटे शेंगदाणे घेताना मात्र मूठभर हातावर घेऊन बघा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा कडू लागणारे दाणे नकोत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि भाजूनही ते पुरतं जात नाही.

पुरी घ्या, वांग्याची भाजी नको

आमचं गाव महाराष्ट्रात ओळखलं जातं ते शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सवात इथे लाखोंच्या पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी हा महाप्रसाद, आणि वाढायला ट्रॅक्टर! लहानपणापासून बघत आलेय : लोक पुऱ्या रुमालात बांधून घरी नेतात, भाजी मात्र तिथेच पानावर संपवतात. यामागे शास्त्र आहे.

अन्न खराब करणाऱ्या जिवाणूंना त्यांच्या वापरात येईल असं मोकळं पाणी लागतं. त्याचं माप म्हणजे 'वॉटर ॲक्टिव्हिटी'. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरशी ०.८ च्या खाली थांबते, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. वांग्याची रसभाजी जवळजवळ १ वर असते, म्हणून सकाळची संध्याकाळी आंबते. कडक तळलेल्या पुरीतलं पाणी तेलात वाफ होऊन गेलेलं असतं. गुळात पाणी असतं, पण साखरेने ते असं धरून ठेवलेलं असतं की जिवाणूंना मिळत नाही. मिठाचंही तेच.

हे एकदा समजलं की यादी आपोआप तयार होते. तिखटमिठाच्या कडक पुऱ्या, दुधात मळलेल्या दशम्या, जवसाची किंवा दाण्याची कोरडी चटणी, चिवडा : चालेल. ओली भाजी, उकडलेले बटाटे, ओल्या नारळाची चटणी : पहिल्या दुपारी संपवा किंवा नेऊच नका. पुऱ्या गरम असताना डब्यात भरू नका. वाफेचं पाणी होतं आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

शिजवायचं तर कमी शिजवा

हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे वर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नेत नाही, तेव्हा तूरडाळ विसरा. मूगडाळ आणि तांदूळ न्या. युक्ती अशी : दुपारी निघतानाच मूगडाळ रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घाला. तुम्ही चालता, ती भिजते. संध्याकाळी खिचडी निम्म्या वेळात होते.

इंधनाचाही हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० असतात, पण निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते. म्हणजे लिटरला साधारण १३ ग्रॅम गॅस. २३० ग्रॅमचा एक डबा पाच जणांच्या दोन रात्रींच्या खिचडीला आणि चहाला पुरला. लाकडं तोडून चूल पेटवायचा मोह नको. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.

आमची यादी (एका माणसाला, तीन दिवस)

पोहे ४०० ग्रॅम : १४०० किलोकॅलरी, २४ रुपये
शेंगदाणे ३०० ग्रॅम : १७००, ४२ रुपये
गूळ २५० ग्रॅम : ९५०, १५ रुपये
फुटाणे २५० ग्रॅम : ९२०, ३० रुपये
सातूचं पीठ ३०० ग्रॅम : ११५०, २० रुपये
तांदूळ आणि मूगडाळ ४०० ग्रॅम : १४००, ३२ रुपये
ग्लुकोज बिस्किटं २०० ग्रॅम : ९००, २० रुपये
तेल ५० ग्रॅम : ४५०, ८ रुपये

एकूण २१५० ग्रॅम, ८८७० किलोकॅलरी, १९१ रुपये. चहा, साखर, मीठ, तिखट, कोरडी चटणी यांचे माणशी ३९ रुपये धरले, झाले २३०.

सकाळी पोहे, चालताना खिशात गूळ-दाणे आणि फुटाणे, दुपारी सातूचं पीठ, रात्री खिचडी. सातूचं पीठ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळायची. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं जेवण. विस्तव नको, ताट नको. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी असतं. नाशिकच्या मैत्रिणीने आधी नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी माझा वाटा मागितला!

इथे काटकसर नको

दोन ठिकाणी पैसे वाचवू नका. पहिलं म्हणजे पाणी आणि क्षार. घामातून नुसतं पाणी नाही, मीठही जातं. ओआरएसच्या दोन-तीन पुड्या औषधाच्या दुकानातून घ्या, आणि एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी टाका, अर्धी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यासोबत पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार. हे प्रमाण पुडीवर बघून घ्या. गोड सरबतं 'ओआरएस' या नावाखाली विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एफएसएसएआय'ने ते नाव वापरायला मनाई केली. दुसरं म्हणजे एका वेळचं जास्तीचं खाणं. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर एक रात्र वाढते. माणशी मूठभर गूळ-दाणे वेगळ्या पिशवीत बांधा आणि खाली उतरेपर्यंत ती पिशवी उघडू नका.

आणि स्वस्तात जायचं म्हणून गावातल्या माणसाशी घासाघीस करू नका. पायथ्याच्या गावात कुणी पिठलं-भाकरी करून देत असेल तर एक जेवण तिथे जरूर घ्या, ते मागतील ते पैसे द्या. आपण वाचवलेल्या पैशांचा तो सर्वांत चांगला उपयोग. पाकिटं घरीच फोडून माल कापडी पिशव्यांत भरा, म्हणजे गडावर कचरा जाणारच नाही. जे प्लॅस्टिक नेलं ते सगळं परत आणा.

तेव्हा मंडळी, पुढचा ट्रेक ठरेल तेव्हा वर्गणीचा आकडा सांगायच्या आधी यादी करा, दोन भागाकार करा आणि मग आकडा सांगा. आपल्यातला कुणीतरी 'सबमिशन आहे' म्हणायच्या तयारीत असेल. त्याला कारण विचारत बसू नका, आकडाच कमी करून टाका.