गिटारलाही पावसाळा बाधतो!

नवी, भारी गिटार घ्यायचे वेध लागलेत? थांबा. आधी घरातली गिटार कुठल्या भिंतीवर टांगली आहे, ते जरा बघून या.

मागच्या वर्षी मामाची कल्याणची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरून एक घंगाळ, बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार खाली आली. मामाने कॉलेजात असताना घेतलेली, कोलकात्यात बनलेली. मधोमध गोल भोक नाही. दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी नागमोडी भोकं. का सोडलीस, असं विचारलं, तर मामा म्हणाला, ‘‘अगं, बोटं सोलवटायची नुसती. आपल्यात टॅलेंटच नव्हतं बहुतेक.’’

मी गप्प बसले, कारण त्याच सुमारास माझंही तेच चाललं होतं. एफवायला घेतलेली माझी अकूस्टिक गिटार जुलै लागला की हट्टाला पेटायची. तारा वर उचललेल्या, एफ कॉर्ड दाबताना डोळ्यांत पाणी आणि ट्यूनिंग सकाळी एक, संध्याकाळी दुसरंच. फरक इतकाच की, मामाने दोष स्वतःला दिला आणि मी गिटारला. मी एका सेमी-हॉलो गिटारसाठी पैसे साठवायला लागले होते. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून किती वर्षं लागतील, हा हिशेब मुद्दाम करत नव्हते.

शेवटी दोन्ही गिटारी घेऊन ठाण्यात दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी आधी पट्टी काढली आणि बाराव्या फ्रेटपाशी तार किती वर आहे ते मोजलं. अकूस्टिक गिटारला तिथे जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर अंतर असलं, की हात सुखात चालतो. माझ्या गिटारला ते चारच्या वर होतं. मामाच्या गिटारचं तर विचारूच नका. गिटार वाईट नव्हती आणि मामाही ‘ढ’ नव्हता. दोन्ही गिटारींचं कधी कुणी सेटअपच केलं नव्हतं.

लाकूड पाणी पितं

आपल्याकडे एका बाजूला खाडी, वरून चार महिने पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि गिटारच्या लाकडाला मानवते ती साधारण ४५ ते ५५ टक्के. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं ना, तेच गिटारचं होतं. पुढची फळी ओल शोषून किंचित फुगते, तिच्यावरचा ब्रिज वर येतो आणि ब्रिजसोबत ताराही. वर त्या तारांचा ताण असतोच. साध्या १२ गेजच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ ७० किलोच्या पुढे जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या ब्रिजला लटकलेला. ओलीने डिंक सैल पडला, की ब्रिज मागच्या बाजूने सुटायला लागतो. ब्रिजखाली कागदाचा तुकडा सरकतोय का, हे महिन्यातून एकदा तपासा. सरकला तर तारा ढिल्या करा आणि थेट दुरुस्तीला न्या. घरी फेव्हिक्विक नको!

आता यातली गंमत. स्वस्त गिटारींची फळी बहुतेक वेळा प्लायची असते. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ती ओलीला त्यातल्या त्यात कमी दाद देते. सॉलिड टॉप, म्हणजे अखंड लाकडाची गिटार जास्त मोकळी वाजते. वाजवत राहिलं तर वर्षागणिक खुलते, असंही वाजवणारे सांगतात. पण हवेतला प्रत्येक बदल तिला लागतो. म्हणजे डोंबिवलीत राहून सॉलिड टॉपला अपग्रेड होणं, हे घरी नाजूक पोटाचा पाहुणा कायमचा राहायला बोलावण्यासारखं आहे. बोलवा जरूर, पण सोय आधी करा.

मामाची गिटार कुठल्या घराण्याची?

नागमोडी भोकांच्या आणि पुढून बाक असलेल्या गिटारला आर्चटॉप म्हणतात. माइक-अॅम्प्लिफायर सर्रास नव्हते, तेव्हा बँडमधल्या कर्ण्यांच्या गलक्यात गिटारचा आवाज ऐकू यावा, म्हणून व्हायोलिनच्या धर्तीवर ही बांधणी पुढे आली. अमेरिकेत गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२मध्ये आलेली एल-५ ही त्यातली मैलाचा दगड. मामाची गिटार अशी कोरीव नव्हे. तिची प्लाय दाबून बाक दिलेला आहे. पण घराणं तेच.

या घराण्याचं आणि आपलंही जुनं नातं आहे. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी आर्चटॉप मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७चा अल्बम तुमच्या आजोबांनी नक्की ऐकला असेल. पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा हीसुद्धा आर्चटॉपमध्ये तरफेच्या तारा वाढवून केलेली. तिच्यासह केलेल्या अल्बमला १९९४मध्ये ग्रॅमी मिळालं. आर्चटॉपमध्ये तारा ब्रिजला बांधलेल्या नसतात. त्या ब्रिजवरून जाऊन मागच्या टेलपीसमध्ये अडकतात. त्यामुळे ओढ टेलपीस घेतो आणि ब्रिज फक्त खाली दाबला जातो. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीसारखाच.

पण घोडी चिकटवलेली नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी उत्साहात मी मामाच्या गिटारच्या सहाही गंजक्या तारा एकदम काढल्या आणि ब्रिज टुणकन उडून पलंगाखाली गेला. तो पुन्हा नेमका कुठे ठेवायचा, याची एकही खूण फळीवर दिसेना. म्हणून पहिला धडा : आर्चटॉपच्या तारा एकेक करूनच बदला. आणि ब्रिज उडालाच, तर रडू नका. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जितकं अंतर, तितकंच बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत ठेवा आणि वर दोन-तीन मिलिमीटर जास्त. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा आणि तीच तार तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला, तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा. उतरा आला, तर नेककडे. फोनमधलं ट्यूनर अॅप त्यासाठी पुरेसं आहे. मला अख्खी दुपार लागली. पण फ्रेट, स्केल, सूर यांचं जे गणित वर्षभराच्या क्लासमध्ये शिरलं नव्हतं, ते त्या दुपारी डोक्यात शिरलं.

मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, ती केसभर चुकली तरी सूर बोलत नाही. त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारचा सेटअप म्हणजे वेगळ्या वाद्यावरचं तसंच केसभराचं काम आहे.

आणि ती सेमी-हॉलो?

ती अजूनही हवी आहे, खोटं कशाला बोलू! पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक गिटार मोठ्या आवाजात अॅम्पसमोर धरली, की तिचीच फळी थरथरून शिट्टी मारते. हा फीडबॅक रोखायला १९५८मध्ये गिब्सनने ईएस-३३५ काढली. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. तिची फळी मेपलच्या थरांची असते, त्यामुळे ती अखंड लाकडाच्या अकूस्टिकइतकी हळवी नसते. आणि वनबीएचकेवाल्यांसाठी मोठा फायदा म्हणजे, अॅम्प न लावताही ती आपल्यापुरती ऐकू येते. रात्री अकराला सराव करा, शेजारचे काका बेल वाजवणार नाहीत.

तोटा मात्र पोटात दडलेला. दमट हवेत व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर सुरू होते. तिथे घरातलं तेल नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरच मारायचा. त्यानेही भागलं नाही, तर आतली सगळी वायरिंग त्या नागमोडी भोकातून बाहेर काढावी लागते, कारण बहुतेक सेमी-हॉलोंना मागे झाकण नसतं. अनुभवी कारागीर प्रत्येक भागाला आधी दोरा बांधतात आणि काम झालं, की पायजम्यात नाडी ओवावी तसा तो भाग दोऱ्याने ओढून जागेवर आणतात. या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसेही. तारा घेतानाही लक्ष असू द्या. सेमी-हॉलोचा पिकअप चुंबकावर चालतो, त्याला निकेलच्या तारा लागतात. अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा लावल्या, तर आवाज मरतो.

अपग्रेडची शिडी

काकांच्या दुकानातून मी जो क्रम शिकले, तो असा. आधी तारा बदला. मग सेटअप करून घ्या : नेकचा बाक, नटच्या खाचा, सॅडलची उंची. नेकमधला ट्रस रॉड स्वतः फिरवणारच असाल, तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मामाच्या गिटारला ट्रस रॉडच नव्हता, म्हणून काकांनी तिला १०च्या बारीक तारा लावल्या. ओढ कमी, बोटांनाही आराम. त्यानंतर प्लॅस्टिकचे नट आणि सॅडल काढून हाडाचे बसवा. मग ट्यूनिंगच्या किल्ल्या. कॉलेज फेस्टला स्टेजवर वाजवायचं असेल, तर सॅडलखाली बसणारा पिझो पिकअप. आणि एवढं करूनही हात अडतोय असं वाटलं, तर नवी गिटार. धोबी तलावच्या १८६५पासूनच्या ‘फुर्ताडोस’मध्ये जा, तासभर वाजवून बघा. पण तोवर तुम्हाला नेमकं काय हवंय, ते तुमच्या बोटांना कळलेलं असेल.

दोन्ही गिटारींचं मिळून माझं जे बिल झालं, त्यात सेमी-हॉलो सोडाच, तिची हार्डकेसही आली नसती.

घरी आणि लोकलमध्ये

पावसाचं पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. वाजवून झालं, की तारा सुती फडक्याने पुसा. लोकलमधून उतरलेल्या घामेजल्या हाताइतकं तारांचं वाईट दुसरं कुणी करत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. आकडा ६०च्या वर राहायला लागला, की पुड्या बदला. एसी असलेल्या खोलीतून गिटार थेट दमट गॅलरीत आणू नका. ऑक्टोबरात माझ्या गिगबॅगला बुरशी आली, तेव्हा आईने गाद्यांबरोबर गिटारही उन्हात टाकली होती. बॅग उन्हात टाका, गिटार नको. उन्हाने डिंक मऊ पडतो आणि ओल एकदम सुटून लाकडाला चीर जाऊ शकते.

आणि सकाळची डोंबिवली फास्ट? गिगबॅग पाठीवर घेऊन चढायचा विचारही करू नका. गिटार मोडते ती बहुतेकदा हेडस्टॉकपाशी आणि तो नेमका तुमच्या डोक्यामागे, दाराच्या दांड्याच्या उंचीला असतो. बॅग पुढे छातीशी धरा, नाहीतर दोन गाड्या सोडा.

मामाची गिटार सेटअप करून आणली, तेव्हा त्याला म्हटलं, एकदा दाबून तर बघ. त्याने बिचकत जी कॉर्ड लावली, मग सी. बराच वेळ त्या दोनच कॉर्ड वाजवत बसला. मग म्हणाला, ‘‘आठवडाभर ठेवतो गं माझ्याकडे.’’

या गोष्टीला आता चार महिने झाले.